बासनातील खून आणि शोध घेणारी स्त्री : बंगळुरूच्या एका प्रकरणाचा विचार

१. शब्द आणि प्रश्न

‘डिटेक्टिव्ह’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘गुप्तहेर’ हा शब्द रूढ झाला. ‘हेर’ हा मुळात राज्यव्यवहारातील शब्द होय. शत्रूच्या मुलखात शिरून बातमी काढून आणणारा तो हेर. बहिर्जी नाईक हे त्याचे मराठी मनातील ठसठशीत उदाहरण. गुन्ह्याचा छडा लावणाऱ्यालाही हाच शब्द लागू झाल्यामुळे वेषांतर, पाठलाग, धाडस आणि शारीरिक बळ या गोष्टी त्या व्यक्तिरेखेला आपोआप चिकटल्या, आणि ती व्यक्तिरेखा बहुतांशी पुरुषाची राहिली. मात्र याच शब्दाशी नाते सांगणारे ‘हेरणे’ हे क्रियापद घरगुती बोलीत वेगळ्याच अर्थाने नांदते. निवडायला घेतलेल्या तांदळातला खडा हेरला जातो. शाळेतून आलेल्या मुलाचा चेहरा पाहून काहीतरी बिनसले आहे, हे आई हेरते. येथे पाठलाग नाही की वेषांतर नाही. नित्याच्या ओळखीमुळे नित्यापेक्षा वेगळे काय आहे ते चटकन ध्यानात येणे, एवढाच त्याचा अर्थ.

स्त्री-गुप्तहेराच्या साहित्यातील आणि वास्तवातील रूपाचा विचार करताना या दोन अर्थांमधील अंतर उपयोगी पडते. विशेषतः ज्या खुनाचा तपास वर्षानुवर्षे अडून राहिला आहे, ज्याची कागदपत्रे बासनात गुंडाळली गेली आहेत, अशा प्रकरणात स्त्रीची शोधक दृष्टी नेमके काय करू शकते आणि कोठे येऊन थांबते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी आधार म्हणून बंगळुरू येथील शाकिरे खलीली खून प्रकरण घेतले आहे. १९९१ मध्ये घडलेला हा खून १९९४ मध्ये उघडकीस आला आणि त्याचा अंतिम निवाडा सर्वोच्च न्यायालयात २००८ मध्ये झाला. या प्रकरणात कोणीही व्यावसायिक स्त्री-गुप्तहेर नव्हती. तरीही ज्या व्यक्तीने प्रथम शंका घेतली आणि ती सोडली नाही, ती एक स्त्री होती.

२. साहित्यातील पूर्वपीठिका

स्त्री-गुप्तहेर ही व्यक्तिरेखा वास्तवाच्या आधी साहित्यात अवतरली. १८६४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ आणि मिसेस पास्कल या नायिकेचे ‘रेव्हलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह’ ही दोन पुस्तके वाचकांपुढे आली. त्या वेळी लंडनच्या पोलीस दलात स्त्रियांना प्रवेश नव्हता. तो मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. अमेरिकेत अ‍ॅना कॅथरिन ग्रीन या लेखिकेने १८९७ च्या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ ही प्रौढ, अविवाहित आणि शेजाऱ्यांच्या खिडकीवर नजर असणारी बाई शोधकर्ती म्हणून उभी केली. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० च्या कादंबरीतून पुढे आली, ती याच परंपरेचा परिपाक होय. तिच्याजवळ अधिकार नाही, शस्त्र नाही. गावातील माणसांच्या स्वभावांचा साठा आहे आणि कुचाळक्यांतून सत्य वेगळे काढण्याची हातोटी आहे.

भारतीय भाषांत बंगालीत प्रभावती देवी सरस्वती यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कृष्णा ही तरुण स्त्री-गुप्तहेर निर्माण केली. मराठीत बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून वाचनाची गोडी तळागाळापर्यंत नेली. परंतु त्यांच्या झुंजार, धनंजय, काळा पहाड या नायकांच्या विश्वात स्त्री प्रामुख्याने साहाय्यकाच्या भूमिकेत दिसते. झुंजारची पत्नी विजया ही धीट व चतुर आहे, पण कथेचे सुकाणू झुंजारच्या हाती आहे. मुंबईच्या पार्श्वभूमीवर स्वतंत्र शोधकर्ती उभी राहिली ती इंग्रजीतून. शल्यविशारद असलेल्या कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली ही पोलीस सेवेतून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली स्त्री आहे. बंगळुरूला अशी नायिका हरिणी नागेंद्र यांच्या लेखनामुळे मिळाली. पर्यावरणाच्या अभ्यासक असलेल्या या लेखिकेच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब’ या कादंबरीत १९२१ चे बंगळूर आहे आणि गणिताची आवड असणारी कावेरी ही नवविवाहिता एका खुनाचा माग काढते. तिच्या शोधात शेजारच्या उमा आंटींसारख्या अनुभवी स्त्रीचा वाटा मोठा आहे.

या सर्व नायिकांत एक सूत्र समान आहे. घर, शेजार, नोकरचाकर, स्वयंपाकघर यांविषयीचे ज्ञान हे त्यांचे साधन आहे, आणि लोकांच्या बोलण्यातून त्यांना माहिती मिळते. लोकांचे बोलणे हे शोधाला साह्य करते, असे या कादंबऱ्या गृहीत धरतात. बंगळुरूच्या प्रकरणात हेच गृहीत उलटे झालेले दिसते.

प्रकरणाकडे वळण्यापूर्वी ख्रिस्ती यांच्या आणखी एका कादंबरीचा उल्लेख आवश्यक आहे. लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्लीपिंग मर्डर’ मध्ये ग्वेंडा ही तरुणी नव्याने घेतलेल्या घरात शिरते आणि आपण येथे लहानपणी राहिलो आहोत, येथेच एक खून पाहिला आहे, असे तिला आठवू लागते. तिची सावत्र आई अठरा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली असते. ती कोणा पुरुषाबरोबर निघून गेली, अशी सर्वांची समजूत असते. पेटीतून काही कपडे नेलेले, मागाहून पत्रे आलेली. त्यामुळे कोणी शोध घेतलेला नाही. प्रत्यक्षात तिचे प्रेत त्याच घराच्या बागेत पुरलेले असते. मिस मार्पल प्रारंभी या मुलीला सावध करते, की झोपलेल्या खुनाला जागे करू नये. पुस्तकातील हे कथानक आणि बंगळुरूतील घटना यांतील साम्य चकित करणारे आहे.

३. ‘जुना खून’ म्हणजे काय

‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार दप्तरखान्यातून आला. कामकाज संपलेले वा सोडून दिलेले कागद कापडाच्या बासनात बांधून फडताळात ठेवले जात. पोलिसांच्या आजच्या व्यवहारात त्याला वेगळी परिभाषा आहे. महाराष्ट्रात तपासाअंती आरोपपत्र दाखल करता येत नसेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘समरी’ अहवाल पाठविला जातो. गुन्हा खरा आहे पण गुन्हेगार सापडत नाही, अशा वेळी ‘अ’ समरी. तक्रार खोटी व द्वेषमूलक असल्यास ‘ब’ समरी. आणि तक्रार खरीही नव्हे, खोटीही नव्हे, गैरसमजातून झालेली असल्यास ‘क’ समरी. कर्नाटकात छडा न लागलेल्या गुन्ह्यासाठी ‘सी’ अहवाल पाठविण्याची पद्धत आहे.

‘अ’ समरी मंजूर झाली तरी खुनाचे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मरत नाही. फौजदारी कायद्यातील मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या गुन्ह्यांपुरते आहे. खुनाला ते लागू नाही. नवा पुरावा हाती आल्यास वीस वर्षांनीही तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

परंतु बासनात जाण्यासाठी मुळात कागद तयार व्हावा लागतो. प्रेत सापडले, मारेकरी सापडला नाही, अशा खुनाची नोंद तरी होते. जेथे प्रेतच नाही आणि नाहीसे झालेले माणूस प्रौढ आहे, तेथे खुनाची नोंद होत नाही. फार तर ‘बेपत्ता’ अशी नोंद होते. प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने घर सोडणे हा गुन्हा नाही. पुराव्याच्या कायद्याप्रमाणे, ज्यांना स्वाभाविकपणे माहिती असायला हवी अशांना सात वर्षे एखाद्याविषयी काहीच कळले नाही, तर तो मृत असल्याचे गृहीत धरता येते. तोवर कायद्याच्या लेखी ती व्यक्ती सामान्यतः जिवंतच असते. अशा स्थितीत खुनाचा तपास ही दूरची गोष्ट. ‘हा खून आहे’ हे कोणी म्हणणे, हीच पहिली पायरी ठरते.

४. रिचमंड रोडवरील घर

शाकिरे या सर मिर्झा इस्माईल यांच्या नात. मिर्झा इस्माईल १९२६ ते १९४१ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते; बंगळूर शहराच्या आखणीवर आणि सौंदर्यावर त्यांची छाप आजही सांगितली जाते. शाकिरे यांच्याकडे स्वतःच्या नावावर मोठी स्थावर मालमत्ता होती. त्यांचा विवाह भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याशी झाला होता व त्यांना चार मुली होत्या.

१९८३ मध्ये दिल्लीत रामपूरच्या माजी नवाबांकडे गेले असता या कुटुंबाची मुरली मनोहर मिश्रा या इसमाशी ओळख झाली. तो स्वतःला स्वामी श्रद्धानंद म्हणवून घेत असे आणि शहरी मालमत्तेची व्यवस्था पाहण्यात निष्णात असल्याचे सांगितले जात असे. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यामुळे त्या काळी अनेक जुन्या घराण्यांपुढे कचेऱ्यांचे खेटे आणि जमिनी जाण्याची धास्ती उभी होती. शाकिरे यांनाही त्या अडचणी होत्या. मिश्रा बंगळूरला आला आणि रिचमंड रोडवरील ८१ क्रमांकाच्या घराच्या एका भागात राहू लागला. पुढे शाकिरे यांचा घटस्फोट झाला आणि एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी मिश्राशी विवाह केला. त्यांनी त्याच्या नावे आममुखत्यारपत्रही करून दिले. या विवाहामुळे आप्तेष्ट दुरावले. चार मुलींपैकी दुसरी मुलगी मात्र आईशी संबंध राखून होती. बंगळूरबाहेर राहत असली तरी ती येऊन-जाऊन असे आणि दूरध्वनीवरून विचारपूस करीत असे.

१९९१ च्या मे महिन्याच्या अखेरीस शाकिरे दिसेनाशा झाल्या. मुलीने चौकशी केली, तेव्हा सावत्र बाप वेळोवेळी निरनिराळी उत्तरे देऊ लागला. निवाड्यात आलेल्या हकिगतीप्रमाणे आई कधी हैदराबादला गेलेली असे, कधी कच्छमध्ये कोणा हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नाला. कधी प्राप्तिकराच्या कटकटींमुळे ती गुपचूप राहत असे, तर कधी अमेरिकेतील रूझवेल्ट रुग्णालयात दाखल झालेली असे. त्या रुग्णालयात चौकशी केल्यावर अशी कोणी रुग्ण नसल्याचे कळले. पुढे मुंबईत त्याच्याजवळ आईचे पारपत्र मुलीच्या दृष्टीस पडले. ज्या बाईचे पारपत्र मुंबईत आहे, ती अमेरिकेतील रुग्णालयात असू शकत नाही. जून १९९२ मध्ये मुलीने बंगळूरच्या अशोकनगर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली.

तक्रारीनंतरही बराच काळ तपास पुढे सरकला नाही. मार्च १९९४ मध्ये प्रकरण शहराच्या सेंट्रल क्राइम ब्रँचकडे गेले. मिश्राची चौकशी झाली, आणि ३० मार्च १९९४ रोजी त्याने दाखविलेल्या जागी, रिचमंड रोडवरील त्याच घराच्या आवारात, फरशीखालून एक लाकडी पेटी बाहेर काढण्यात आली. तिच्यात मानवी सांगाडा होता. जवळजवळ तीन वर्षे मुलीला दूरदूरची ठिकाणे सांगितली जात होती, आणि आई आपल्या घराच्या अंगणातच होती.

५. शंकेची रीत

मुलीने या प्रकरणात जे केले, त्याला तपासाची रीत म्हणावे लागेल, आणि ती रीत ‘हेरणे’ या क्रियापदाच्या घरगुती अर्थाशी जुळते. तिच्याजवळ पहिला पुरावा म्हणजे नित्यक्रमातील खंड. आपल्याशी संबंध टिकवून असलेली आई इतके दिवस एक दूरध्वनीही करीत नाही, हे बाहेरच्या कोणालाही क्षुल्लक वाटले असते. मुलीला ते अशक्य वाटले, कारण तिला आईचा स्वभाव ठाऊक होता.

दुसरी पायरी उत्तरांची तुलना करण्याची. एकेक उत्तर सुटे घेतले तर पटण्याजोगे होते. श्रीमंत घरातील बाई लग्नाला जाऊ शकते, करांच्या भीतीने लपू शकते, परदेशी उपचार घेऊ शकते. परंतु ही उत्तरे एका ओळीत मांडली की त्यांतील विसंगती दिसते. ती ओळ मांडण्यासाठी प्रत्येक उत्तर ऐकलेली आणि लक्षात ठेवलेली व्यक्ती लागते. तिसरी पायरी पडताळ्याची. रुग्णालयातील चौकशी आणि पारपत्राचे दर्शन यांमुळे शंकेला बाहेरचा आधार मिळाला.

मराठीत ‘गेली’ या एकाच क्रियापदाने प्रवास आणि मृत्यू हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. ‘आई गेली’ हे वाक्य ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. मिश्राची सारी उत्तरे पहिल्या अर्थाची होती आणि त्याच्या आड दुसरा अर्थ झाकलेला होता. मुलीचे काम हे दोन अर्थ एकमेकांपासून सोडविण्याचे होते. त्यासाठी धाडसापेक्षा चिकाटी अधिक लागली.

६. लोकापवादाचा आडोसा

इतका काळ दुसऱ्या कोणाला शंका का आली नाही, हा प्रश्न प्रकरणाच्या मुळाशी जातो. रहस्यकथेत कुचाळक्या शोधाला मदत करतात, असे वर म्हटले. येथे त्यांनी गुन्ह्याला मदत केली. चार मुलींची आई, प्रतिष्ठित घराण्यातील बाई, नवऱ्याला सोडून एका स्वामीशी लग्न करते, ही गोष्ट नातलगांच्या व ओळखीच्यांच्या दृष्टीने आधीच लोकविरुद्ध होती. अशी बाई पुन्हा कोठे निघून गेली, असे सांगितल्यास ते पटणे सोपे होते. जी एकदा घर सोडते ती पुन्हा सोडू शकते, हे अनुमान तर्काच्या कसोटीवर टिकणारे नाही. परंतु समाजाच्या मनात ते तयार असते. मारेकऱ्याला नवी कथा रचावी लागली नाही. त्याने लोकांच्या मनातील कथेचा आधार घेतला.

‘स्लीपिंग मर्डर’ मधील सावत्र आईविषयीही हेच घडते. ती पुरुषाबरोबर पळाली, हे सर्वांना खरे वाटते, कारण तिच्याविषयी तसे बोलले जात असे. ख्रिस्ती यांनी कादंबरीत जे कौशल्याने योजले, ते बंगळुरूत कोणी न योजता जुळून आले. घरातून निघून गेल्याचे सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत हा धोका संभवतो. तिच्या चारित्र्याविषयीचा समज हाच तिच्या मृत्यूवरचे झाकण ठरू शकतो.

याला एक आर्थिक बाजूही आहे. आममुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली की करार कायद्याप्रमाणे सामान्यतः तो अधिकार संपतो. म्हणजे शाकिरे मृत ठरल्या असत्या, तर त्यांच्या मालमत्तेचे व्यवहार त्या कागदाच्या बळावर करता आले नसते. त्या कागदोपत्री जिवंत राहणे मारेकऱ्याच्या फायद्याचे होते. त्यांच्या ‘प्रवासाच्या’ कथा मुलीची समजूत घालण्यापुरत्या नव्हत्या. मालमत्तेवरील ताबाही त्यांच्यावर अवलंबून होता.

७. शंकेपासून पुराव्यापर्यंत

शंका कितीही सार्थ असली तरी ती पुरावा नव्हे. आप्ताची शंका आणि न्यायालयाचा निष्कर्ष यांत मोठे अंतर असते, आणि ते ओलांडण्यासाठी लागणारी साधने शासनसंस्थेच्या हाती असतात. घराची झडती, जमीन खोदणे, अटक, वैज्ञानिक तपासणी यांतील काहीही खाजगी व्यक्ती करू शकत नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. परंतु १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे, कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. आज ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. रिचमंड रोडवरील पेटी या तरतुदीमुळे पुराव्यात आली. उत्खननाचे चित्रीकरण करण्यात आले. सांगाडा शाकिरे यांचाच आहे हे ठरविण्यासाठी कवटीवर छायाचित्राचे अध्यारोपण आणि डीएनए तपासणी या दोन्हींचा अवलंब झाला. डीएनए तपासणी भारतीय न्यायालयांत त्या काळी नवखी होती.

प्रत्यक्ष साक्षीदार नसल्यामुळे खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. अशा पुराव्याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात पाच तत्त्वांच्या रूपाने मांडल्या. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा आणि सर्व दुव्यांची साखळी आरोपीच्या अपराधाखेरीज दुसऱ्या कोणत्याही निष्कर्षाला वाव देणारी नसावी, हा त्यांचा गाभा. त्या खटल्यात साखळी पूर्ण न झाल्याने आरोपी निर्दोष सुटला होता. पुढे २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात, घराच्या चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्यात आरोपीने दिलेले खोटे स्पष्टीकरण साखळीतील एक दुवा ठरू शकते, हे न्यायालयाने स्पष्ट केले.

या तत्त्वाच्या प्रकाशात पाहिल्यास मुलीच्या चौकशीचे मोल कळते. तिने प्रश्न विचारले नसते, तर ती खोटी उत्तरे दिलीच गेली नसती. तिने ती लक्षात ठेवली नसती, तर न्यायालयापुढे आली नसती. सत्य तिला विचारून मिळाले नाही, पण असत्याची नोंद तिच्यामुळे झाली. आणि त्या असत्यानेच पुढे साखळीत आपली जागा घेतली.

सत्र न्यायालयाने मे २००५ मध्ये मिश्राला फाशीची शिक्षा सुनावली. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये दोन न्यायमूर्तींत अपराधाविषयी एकमत, परंतु शिक्षेविषयी मतभेद झाला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ जुलै २००८ रोजी फाशीऐवजी, कोणतीही सूट न मिळता उर्वरित आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा दिली. सामान्य जन्मठेप आणि फाशी यांच्या मधला हा प्रकार पुढे २०१५ मध्ये घटनापीठानेही बहुमताने मान्य केला. भारतीय शिक्षाशास्त्रात या प्रकरणाचा उल्लेख आज मुख्यत्वे यासाठी होतो. त्याच्या मुळाशी असलेली मुलीची चौकशी मात्र कायद्याच्या ग्रंथांत दोन-चार वाक्यांत आटोपते.

८. व्यवसायाने गुप्तहेर असलेली स्त्री

मराठी समाजात व्यावसायिक स्त्री-गुप्तहेराचे उदाहरण म्हणून रजनी पंडित यांचे नाव घेतले जाते. त्यांनी मुंबईत १९९१ च्या सुमारास, म्हणजे शाकिरे बेपत्ता झाल्या त्याच काळात, स्वतःची संस्था स्थापन केली. एका खुनाची माहिती काढण्यासाठी संशयित स्त्रीच्या घरी मोलकरीण म्हणून सहा महिने राहिल्याचा अनुभव त्यांनी मुलाखतींतून सांगितला आहे. ‘हेर’ या शब्दातील वेषांतर आणि ‘हेरणे’ यातील घरगुती निरीक्षण यांचा संयोग येथे दिसतो. मोलकरणीकडे कोणाचे लक्ष नसते, आणि तिच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही.

परंतु व्यावसायिकासही कायद्याने तपासाचा अधिकार दिलेला नाही. दखलपात्र गुन्ह्याचा तपास हे पोलिसांचे कार्यक्षेत्र आहे. खाजगी गुप्तहेर संस्थांचे नियमन करण्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून खाजगी गुप्तहेर आणि नाहीशा झालेल्या आईचा शोध घेणारी मुलगी या दोघींचे स्थान कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच राहते. दोघीही माहिती देऊ शकतात, साक्ष देऊ शकतात. ती माहिती गांभीर्याने घ्यावयाची की नाही, हे समोरच्या ठाणे अंमलदारावर अवलंबून असते.

९. समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी हाती लागतात. साहित्यातील स्त्री-गुप्तहेराला तिचा लेखक एक सवलत देतो : तिचे म्हणणे अखेर ऐकले जाते. मिस मार्पलच्या कुशाग्रतेपुढे पोलीस अधिकारी मान तुकवतात. कावेरीलाही तिचे म्हणणे ऐकून घेणारा निरीक्षक भेटतो. वास्तवात तक्रार आणि खोदकाम यांच्यामध्ये एकवीस महिने गेले. या काळात शोधकर्तीच्या बुद्धीत काही उणे नव्हते. उणीव होती ती ऐकणाऱ्याची. म्हणून स्त्री-गुप्तहेराच्या कथेचा अभ्यास करताना नायिकेच्या चातुर्याइतकेच तिचे ऐकणारी पात्रे कोण आहेत, आणि ती का ऐकतात, याकडे अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे.

दुसरी गोष्ट अशी, की रहस्यकथेच्या समीक्षेत लोकांच्या बोलण्याला आजवर केवळ माहितीचा स्रोत मानले गेले. ते बोलणे झाकणही असू शकते. मराठी रहस्यकथेत ‘पळून गेलेली बाई’ हे पात्र अपरिचित नाही. तिच्या पळून जाण्याविषयी कथेतील माणसे इतक्या सहज खात्री का बाळगतात, हा प्रश्न त्या कथांना पुन्हा विचारून पाहण्याजोगा आहे.

शेवटी, जुना खून नवा होतो तो बहुधा प्रयोगशाळेतील साधनांमुळे, असे मानण्याकडे आजचा कल आहे. डीएनए तपासणीने सांगाड्याला नाव दिले, हे खरे. परंतु तपासणीसाठी सांगाडा हाती यावा लागतो, तो येण्यासाठी जमीन खोदावी लागते, आणि खोदण्याचा विचार येण्यासाठी कोणीतरी सतत विचारीत राहावे लागते. बंगळुरूच्या त्या घराबाबत हे विचारणे एका मुलीने जवळजवळ तीन वर्षे चालू ठेवले. तिच्या पदरी ‘गुप्तहेर’ ही पदवी नव्हती. न्यायालयाच्या कागदपत्रांत तिची नोंद तक्रारदार आणि साक्षीदार एवढीच आहे.